मायक्रोमॅक्स: अव्वल क्रमांक गेल्यानंतर उरते ते काय?

२०१४ सालच्या शेवटच्या तिमाहीचे आकडे आले तेव्हा कॅनालिस या संशोधन संस्थेने भारतातील स्मार्टफोनच्या बाजारात मायक्रोमॅक्सचा वाटा २२ टक्के आणि सॅमसंगचा २० टक्के असल्याचे जाहीर केले. इतर काही संस्थांच्या मोजणीत सॅमसंगच पुढे होती आणि खुद्द सॅमसंगनेही हा निष्कर्ष मान्य केला नाही. मात्र हा वाद किंचित पुढे कोण, एवढ्यापुरताच होता. हँडसेटच्या धंद्यात जेमतेम सहा वर्षांपूर्वी उतरलेली गुरगावची एक कंपनी जगातील सर्वांत मोठ्या फोन उत्पादकाच्या बरोबरीने उभी आहे, हे कोणीही नाकारत नव्हते. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१६ च्या अखेरच्या तिमाहीत, आयडीसी या संशोधन संस्थेच्या यादीतील पहिल्या पाच कंपन्यांमध्ये एकही भारतीय नाव उरले नव्हते. सॅमसंग वगळता उरलेली चारही नावे चिनी होती.

मायक्रोमॅक्स आजही अस्तित्वात आहे, तिचे कारखाने चालू आहेत आणि तिचे संस्थापकही धंद्यात आहेत. म्हणून या प्रकरणात विचारण्याजोगा प्रश्न ही कंपनी का पडली, एवढाच नाही. तिला यापुढे भवितव्य आहे का आणि असल्यास नेमके कोणत्या कामात आहे, हा खरा प्रश्न आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मायक्रोमॅक्सने ग्राहकाची गरज भारतात इतर कोणाही आधी ओळखली, पण ती भागवणारी वस्तू तिने कधीच स्वतःची केली नाही. तिच्या पुढच्या वाटचालीचा हिशोब याच एका गोष्टीवरून मांडला पाहिजे.

गरज ओळखणारी कंपनी

राजेश अगरवाल, सुमीत अरोरा, राहुल शर्मा आणि विकास जैन या चौघांची ही कंपनी २००० साली सुरू झाली. आधी सॉफ्टवेअर, मग दूरध्वनी उपकरणांचे वितरण अशी वळणे घेत ती २००८ मध्ये मोबाइल हँडसेटकडे आली. या वळणामागची हकिगत राहुल शर्मा यांनी अनेकदा सांगितली आहे. पश्चिम बंगालमधील बहरमपूर भागात त्यांना ट्रकच्या बॅटरीवर चालणारा एक पीसीओ, म्हणजे सार्वजनिक टेलिफोन बूथ, दिसला. गावात वीज नव्हती, त्यामुळे त्याचा मालक रोज रात्री ती जड बॅटरी सायकलवर लादून बारा किलोमीटर दूर नेत असे, तिथे रात्रभर चार्ज करून घेत असे आणि सकाळी परत आणून धंदा सुरू करत असे. एक्स१आय हा मायक्रोमॅक्सचा पहिला फोन या निरीक्षणातून आला. एकदा चार्ज केला की तीस दिवस स्टँडबाय, हीच त्याची जाहिरात होती आणि हेच त्याचे वैशिष्ट्य होते.

त्यापाठोपाठ दोन सिमकार्डांचे फोन आले. त्या काळी एकाच कंपनीच्या ग्राहकांमधील कॉल स्वस्त आणि बाहेरचे महाग असत, रोमिंगचे दर वेगळे असत आणि गावात एका कंपनीची रेंज असेल तर तालुक्याला दुसरीची. दोन सिम बाळगणारे आणि दिवसातून चार वेळा फोनचे झाकण उघडून ती बदलणारे लोक लाखोंनी होते. नोकियासारखी बलाढ्य कंपनी २०१०–११ पर्यंत या गरजेकडे गांभीर्याने वळली नाही. मायक्रोमॅक्सने मात्र ती पकडली, वितरकांना उधारी न देता जास्त मार्जिन दिले आणि लहान गावांतील दुकानांपर्यंत माल पोहोचवला.

२०१२ च्या अखेरीस आलेल्या कॅनव्हास २ ने हीच चाल स्मार्टफोनमध्ये खेळली. पाच इंची पडदा, दोन सिम आणि किंमत ९,९९९ रुपये. एवढा मोठा पडदा हवा असेल तर तोवर सॅमसंगच्या फोनला याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागे. पुढच्याच वर्षी ह्यू जॅकमन हा हॉलिवूडचा नट कंपनीच्या जाहिरातीत दिसला आणि स्वस्त फोनवाली कंपनी ही ओळख पुसण्याचा प्रयत्न सुरू झाला.

फोन तयार कसा होत असे

पुढचे सगळे ज्यावर अवलंबून होते ती कार्यपद्धती इथे नीट समजून घेतली पाहिजे. तैवानची मीडियाटेक ही चिप बनवणारी कंपनी नुसती चिप विकत नसे. त्या चिपभोवतीच्या बोर्डाचा आराखडा आणि त्यावर चालणारे अँड्रॉइड यांचा तयार संच ती देत असे. चीनमधील शेन्झेनच्या रचना कंपन्या त्या संचावरून फोनचे नमुने बनवून ठेवत. भारतीय ब्रँडचा खरेदी विभाग तिथे जाऊन नमुना निवडत असे, कॅमेरा कोणता, मेमरी किती, मागचे कव्हर कोणत्या रंगाचे हे ठरवत असे, आगाऊ रक्कम भरत असे आणि काही महिन्यांत आपले नाव छापलेला माल बंदरात उतरवून घेत असे. संशोधनावर खर्च नाही, अभियंत्यांची फौज नाही, वर्षाला डझनावारी नवी मॉडेले. वेग हेच या पद्धतीचे मोठे बळ होते.

परंतु जो नमुना मायक्रोमॅक्सला मिळे, तोच थोड्याफार फरकाने कार्बन, लावा आणि इंटेक्स या इतर भारतीय कंपन्यांनाही मिळत असे. वस्तू सारखीच असेल तर फरक उरतो तो जाहिरातीचा, वितरणाचा आणि किमतीचा. म्हणजे ज्याच्याकडे अधिक पैसा आणि अधिक थेट पुरवठा येईल त्याच्यापुढे या तिन्ही भिंती टिकणाऱ्या नव्हत्या.

२०१५ नंतर आयात फोनवरील करांमुळे भारतात जोडणी करणे फायद्याचे झाले आणि कंपनीने उत्तराखंडमधील रुद्रपूर, राजस्थानातील भिवाडी आणि हैदराबाद येथील कारखान्यांत जोडणी वाढवली. सुरुवातीच्या काळात या जोडणीला मर्यादा होत्या. सुटे भाग आधीच बसवलेला बोर्ड बाहेरून येई आणि इथे पडदा, बॅटरी, कव्हर जोडून, चाचणी घेऊन डबा बंद होई. एप्रिल २०१८ मध्ये तयार बोर्डांच्या आयातीवर १० टक्के शुल्क लागले, तेव्हा बोर्डावर भाग बसवण्याच्या यंत्रसाखळ्या देशात वाढू लागल्या. हे कारखाने त्या काळात दुय्यम वाटत होते. आज कंपनीजवळ जे काही मोलाचे आहे ते तिथेच आहे.

पकड सुटली ती कुठे

जुलै २०१४ मध्ये शाओमी भारतात आली. सप्टेंबरमध्ये तिचा रेडमी १एस ५,९९९ रुपयांना ऑनलाइन विकला जाऊ लागला. त्यात जे मिळत होते ते त्या किमतीला देणे कोणाही भारतीय कंपनीला जमत नव्हते, कारण शाओमी आपला फोन स्वतः रचत होती, सॉफ्टवेअर स्वतः लिहीत होती आणि दुकानदाराचे मार्जिन वाचवून तो पैसा सुट्या भागांवर खर्च करत होती. २०१६ मधील रेडमी नोट ३ हा ९,९९९ रुपयांचा फोन आला तेव्हा कॅनव्हास २ ने चार वर्षांपूर्वी जिंकलेली किमतीची पायरीच हातातून गेली. दुसरीकडे ओप्पो आणि विवो यांनी थेट दुकानांवर चढाई केली. पाट्या त्यांच्या, काउंटरवरचा विक्री प्रतिनिधी त्यांचा, विक्रेत्याला घसघशीत कमिशनही त्यांचे. २०१६ पासून आयपीएलला विवोचे नाव लागले आणि २०१७ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर ओप्पो आले. ज्या दुकानदारांनी मायक्रोमॅक्सला मोठे केले होते तेच पुढची पेटी कोणाची उघडायची हे आता नव्याने ठरवत होते.

त्यातच ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले. जिओचे जाळे केवळ ४जीचे होते आणि त्यावरील साधा कॉलही व्होएलटीई या तंत्रातूनच जात असे. ज्या फोनमध्ये ही सोय नाही त्यावर जिओचे सिम घातले तरी वेगळे ॲप उघडल्याशिवाय बोलता येत नव्हते. काही महिन्यांच्या मुदतीने माल मागवणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या गोदामांत आणि वितरकांकडे तेव्हा ३जी फोन मोठ्या प्रमाणावर पडून होते. महिनाभरात त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. पाठोपाठ ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. मायक्रोमॅक्सचा मुख्य ग्राहक रोख पैसे मोजून दुकानातून फोन घेणारा होता, त्यामुळे हा दुसरा फटका अगदी वर्मी बसला. पुढच्या वर्षी आलेल्या जिओफोनने फीचर फोनचा, म्हणजे साध्या बटणांच्या फोनचा, आधारही ढिला केला.

चिनी पैशापुढे कोणाचेच चालले नसते, असे या पडझडीचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण ते पुरेसे नाही, कारण पैसा येण्याची संधी मायक्रोमॅक्सकडेही होती. अलिबाबाने सुमारे १.२ अब्ज डॉलरची गुंतवणूक करण्याची बोलणी २०१५ मध्ये फिसकटल्याचे वृत्त होते. एअरटेलचे माजी प्रमुख संजय कपूर अध्यक्ष म्हणून आणि सॅमसंगमधून आलेले विनीत तनेजा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून २०१४ मध्ये रुजू झाले आणि दोघेही फार काळ टिकले नाहीत. कारभार पुन्हा संस्थापकांकडे गेला. दिशा बदलण्याची गरज जेव्हा सर्वांत जास्त होती, नेमक्या त्याच काळात दिशा ठरवणारी माणसे बदलत राहिली.

दोनदा हाताशी आलेले सॉफ्टवेअर

मला या प्रकरणात सर्वाधिक हळहळ वाटते ती इथे.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने यू हा ऑनलाइन विक्रीचा ब्रँड काढला. त्याचा पहिला फोन युरेका ८,९९९ रुपयांचा होता आणि त्यावर अमेरिकेच्या सायनोजेन कंपनीने तयार केलेली अँड्रॉइडची आवृत्ती होती. भारतापुरते तिचे हक्क मायक्रोमॅक्सने मिळवले होते आणि त्यावरून वनप्लसला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलेही होते. हक्कांसाठी इतका आटापिटा झाला, पण ते सॉफ्टवेअर उसनेच होते. २०१५ च्या अखेरीस २४,९९९ रुपयांच्या युटोपियाने वरच्या वर्गात शिरण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. २०१६ संपता संपता सायनोजेनने आपल्या सेवाच बंद केल्या आणि यूचा कणा मोडला.

दुसरी संधी मुंबईतली होती. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या एका कंपनीने फर्स्टटच नावाची प्रणाली बनवली, जी पुढे इंडस ओएस म्हणून ओळखली गेली. मायक्रोमॅक्सच्या युनाइट मालिकेत २०१५ मध्ये ती दिली गेली. तिची उपयुक्तता अगदी साध्या कृतीत दिसत असे. बँकेचा किंवा सरकारी खात्याचा इंग्रजी संदेश आला की त्यावर बोट सरकवायचे आणि तो मराठीत, गुजरातीत किंवा तेलुगूत वाचायचा. कीबोर्डवर मराठी शब्द टंकताना पुढची अक्षरे आणि मात्रा सुचवल्या जात, ॲप घ्यायला ईमेल खाते उघडण्याची सक्ती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच स्मार्टफोन हातात घेणाऱ्या शेतकऱ्याला किंवा गृहिणीला यापेक्षा मोठी सोय कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलने दिली नसती. बॅटरी सायकलवरून नेणाऱ्या माणसाची अडचण ज्या कंपनीला दिसली होती, तिलाच ही अडचणही दिसली होती. पण तिने ती युनाइटसारख्या काही स्वस्त फोनांपुरती ठेवली, बाहेरून घेतलेल्या अनेक वैशिष्ट्यांपैकी एक म्हणून वापरली, आणि स्वतःच्या सर्व फोनांचा तो पाया केला नाही. ती मुंबईची कंपनी पुढे फोनपेने विकत घेतली आणि २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर त्यातूनच उभे राहिले. म्हणजे त्या कामाला मोल होते, फक्त ते दुसऱ्याच्या पदरी पडले.

२०२० चे पुनरागमन

जून २०२० मध्ये गलवान येथे चकमक झाली, चिनी मालाविरुद्ध लोकभावना तीव्र झाली आणि त्याच वर्षी केंद्र सरकारची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना सुरू झाली. देशी मोबाइल कंपन्यांच्या गटात मायक्रोमॅक्सच्या भगवती प्रॉडक्ट्स या उत्पादन कंपनीची निवड झाली. ऑक्टोबरमध्ये राहुल शर्मा यांनी 'इन' या नव्या ब्रँडची आणि ५०० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा केली. ३ नोव्हेंबरला इन नोट १ हा १०,९९९ रुपयांपासून आणि इन १बी हा ६,९९९ रुपयांपासून बाजारात आला. जाहिराती नसलेले स्वच्छ अँड्रॉइड आणि दोन वर्षे अद्ययावत आवृत्त्या हे त्यांचे वचन होते.

फोन वाईट नव्हते. सुरुवातीचा प्रतिसादही भरघोस होता. पण लोकभावनेच्या जोरावर पहिला फोन विकला जातो. दुसरा विकला जाण्यासाठी पहिल्यावर वेळेत आलेले अपडेट, जवळच्या गावातले सर्व्हिस सेंटर आणि सहा महिन्यांनी येणारे तेवढेच चांगले पुढचे मॉडेल लागते. या तिन्ही आघाड्यांवर कंपनी कमी पडली. २०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई झाली आणि तेव्हा पुरवठादारांनी अर्थातच मोठ्या गिऱ्हाइकांना प्राधान्य दिले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचे उद्घाटन झाले तेव्हा मायक्रोमॅक्सकडे ५जी फोन नव्हता. सहा वर्षांपूर्वी ४जीच्या वेळी जे घडले होते, तेच पुन्हा घडले.

याच काळात लावाने जे केले ते शेजारी ठेवून पाहिले तर फरक कळतो. तिने नोएडात रचनेचे काम करणारी स्वतःची माणसे बाळगली, नोव्हेंबर २०२१ मध्ये अग्नी हा ५जी फोन १९,९९९ रुपयांना काढला आणि पुढच्या अग्नी २ साठी बिघाड झाल्यास घरी येऊन फोन बदलून देण्याची सोय केली. लावाचा वाटा आजही लहानच आहे. पण तिचा नवा फोन आला की त्याची चर्चा त्या फोनच्या गुणांवर होते, देशाभिमानावर नव्हे, आणि कोणत्याही देशी ब्रँडसाठी हीच टिकाऊ जागा आहे.

आता हिशोब कशाचा मांडायचा

प्रोत्साहन योजनेचे गणितच कंपनीला ब्रँडकडून कारखान्याकडे ढकलणारे आहे. देशी कंपनीला चार वर्षांत किमान २०० कोटींची गुंतवणूक आणि पहिल्याच वर्षी आधारवर्षापेक्षा ५०० कोटींची वाढीव विक्री, पुढे दरवर्षी चढते लक्ष्य, अशी अट होती. त्या बदल्यात वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के प्रोत्साहन मिळणार होते. कारखान्यातून बाहेर पडणारा फोन सरासरी ८,००० रुपयांचा धरला तर ५०० कोटींसाठी सव्वासहा लाख फोन जादा विकावे लागतात आणि हा केवळ पहिल्या वर्षाचा उंबरठा झाला. 'इन'च्या बळावर दरवर्षी हे साधणे अशक्य होते. दुसऱ्यांचे फोन बनवून मात्र ते साधता येते. त्यामुळे भगवती प्रॉडक्ट्स कंत्राटी उत्पादनाकडे वळली. ती विवोसाठी फोन बनवणार असल्याचे आणि चीनमधील हुआछिन या मोठ्या रचना कंपनीशी भागीदारीची बोलणी झाल्याचे वृत्त २०२४ मध्ये आले. ज्यांनी मायक्रोमॅक्सला बाजारातून हटवले त्यांचेच फोन तिच्या कारखान्यात जोडले जाणे काहींना मानहानीचे वाटेल. मला तसे वाटत नाही. यंत्रसाखळी चालू राहणे, त्यावर काम करणाऱ्यांचा हात बसणे आणि कारखान्याला दर्जाच्या कडक तपासणीची सवय होणे हे ब्रँडच्या पाटीपेक्षा अधिक काळ उपयोगी पडते.

मात्र या मार्गात तीन धोके आहेत. कंत्राटी जोडणीत नफा विक्रीच्या तीन-चार टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, त्यामुळे यंत्रे रिकामी राहिली की तोटाच होतो. गिऱ्हाईक एक-दोनच असतील तर दर तेच ठरवतात, शिवाय डिक्सन या भारतीय कंत्राटी उत्पादक कंपनीसारखा कितीतरी मोठा प्रतिस्पर्धी दाराशी उभा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये विवोने भारतातील उत्पादनासाठी डिक्सनशीच संयुक्त कंपनीचा करार जाहीर केला. तिसरा धोका धोरणाचा आहे. एप्रिल २०२० च्या नियमानुसार भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि स्मार्टफोनची प्रोत्साहन योजना २०२५–२६ पर्यंतचीच होती. सवलतीविना टिकेल असा धंदा उभा करावा लागेल.

तो धंदा सुट्या भागांचा असू शकतो. मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तैवानच्या फायसन कंपनीबरोबर मायक्रोमॅक्सने मायफाय ही डेटा साठवणुकीच्या क्षेत्रातील संयुक्त कंपनीही काढली आहे. फोनच्या जोडणीत जे मूल्य भारतात राहते त्यापेक्षा मेमरी, कॅमेरा आणि पडद्याच्या जुळणीत अधिक राहू शकते, आणि तिथे ग्राहकाला ब्रँडचे नाव कळण्याची गरज नसते. पण भागीदाराकडून तंत्रज्ञान किती शिकायचे आणि किती वर्षांत स्वतःचे करायचे हे करारात आधीच लिहून घेतले नाही, तर मीडियाटेकच्या तयार संचाची आणि सायनोजेनच्या हक्कांची पुनरावृत्ती होईल.

राहता राहिला मायक्रोमॅक्स हा ब्रँड. दहा हजारांच्या आसपासच्या फोनमध्ये त्याने पुन्हा उडी घेणे मला आत्मघातकी वाटते, कारण तिथे मार्जिन नाही आणि चिनी कंपन्यांच्या खरेदीच्या आकारामुळे सुटे भाग त्यांनाच स्वस्त पडतात. ब्रँड परत आणायचाच असेल तर वर्षाला एक किंवा दोन मॉडेले, स्वतःच्या पगारावरचे सॉफ्टवेअर अभियंते, जाहीर तारखांना येणारे अपडेट आणि भारतीय भाषांची अशी सोय, जी सेटिंगमध्ये शोधावी लागणार नाही, एवढी तयारी आधी झाली पाहिजे. तिच्यासाठी जाहिरातीच्या खर्चाच्या मानाने फार मोठी रक्कम लागत नाही, पण तीन-चार वर्षे विक्रीचा आकडा लहान राहील हे मान्य करावे लागते. संस्थापकांनी तेवढा काळ थांबण्याची तयारी दाखवली तरच त्या नावाला बाजारात पुन्हा जागा मिळेल; तोवर कंपनीचे भांडवल भिवाडी आणि रुद्रपूरच्या यंत्रांवरच लागणे योग्य आहे.